शेजारच्या आजींचा मोबाईल
(महासंघाच्या मासिक बैठकीतील मनोगत)



गल्लीत एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना मुलांनी मोबाईल घेऊन दिलाय, पण शिकवायला जवळ कोणी नाही. ते काम आपण करू.

आधी अक्षरं मोठी करून द्या. मुलांचे नंबर फोटोसकट सेव्ह करा. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’वर देता येतो, आता मोबाईलला चेहरा दाखवूनही होतो. बटण मात्र त्यांनाच दाबू द्या, तरच हात बसेल.

त्यांचा पिन विचारू नका, लिहूनही घेऊ नका. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे पुन्हा पुन्हा सांगा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन लावा.

प्रत्येक गटातून दोघीजणींनी आजच नावं द्या.