बंद ठेवलेले कोअर

(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयावर बोलण्याचा अधिकार खरे पाहता एखाद्या अभियंत्याचा. मी इतिहास शिकवितो. परंतु शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली गेली काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे "सर, आमचा संगणक मध्येच बंद पडतो" ही तक्रार प्रथम माझ्याच कानी येते. अशा तक्रारींतल्या एका विशिष्ट प्रकाराविषयी आज बोलावे असे मी ठरविले आहे. कारण हा बिघाड घरातल्या मुलाच्या माथी मारला जातो, आणि बहुधा त्यात त्या मुलाचा काडीचाही दोष नसतो.

२०१७ साली आमच्या नववीतल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी जुना संगणक विकत घेतला. चार कोअरचा म्हणून सांगितला गेला आणि किंमतही त्याच हिशेबाने दिली गेली. पंधरा दिवसांत तक्रार सुरू झाली. कधी पडदा निळा होई, कधी माउसचा बाण जागच्या जागी थिजून जाई. मोठ्या बहिणीने महाविद्यालयासाठी तयार केलेल्या प्रकल्पाची झिप फाइल दुसऱ्या संगणकावर उघडेना. अब्बांनी निष्कर्ष काढला की मुलगा खेळ टाकतो, त्यातून व्हायरस आला. संगणकाला कुलूप लागले. मुलगा गप्प राहिला, पण त्याने एक गोष्ट मला येऊन सांगितली, आणि तीच महत्त्वाची ठरली. मे महिन्यात सर्व जण गावी गेले होते. परत आल्यावर संगणकाच्या घड्याळात भलतीच जुनी तारीख होती. एफ१ दाबून पुढे गेल्यावर तो आठवडाभर एकदाही बंद पडला नाही, फक्त थोडा मंद चालला. मग दुरुस्तीवाल्याने आतली नाण्याएवढी बॅटरी बदलली, "सेटिंग पूर्ववत केली" असे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी निळा पडदा परत आला.

या एका निरीक्षणात सगळे उत्तर आहे. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ज्या खोक्याला आपण घरोघरी सीपीयू म्हणतो, त्याच्या आत मदरबोर्डवर प्रोसेसर बसविलेला असतो. त्यातील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रत्येक भागाला कोअर म्हणतात. एएमडी कंपनीने जानेवारी २००९ मध्ये फेनॉम टू ही मालिका आणली. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या कारखान्यात हा तुकडा तयार होई. सुमारे २५८ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या तुकड्यावर ७५ कोटी ८० लाख ट्रान्झिस्टर आणि चार कोअर होते. आता असा प्रत्येक तुकडा निर्दोष निघणे शक्य नाही. ज्याचा एखादा कोअर तपासणीत नापास झाला, तो फेकून देण्याऐवजी कंपनीने तो कोअर बंद केला आणि तुकडा तीन कोअरचा म्हणून विकला. दोन बंद केले तर दोन कोअरचा. फेब्रुवारी २००९ मधला एक्सथ्री ७२० आणि जूनमधला एक्सटू ५५० हे असे आले. यात फसवणूक काही नाही. खोक्यावर दोन लिहिले, किंमत दोनची घेतली.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. बाजारात स्वस्त प्रोसेसरला मागणी जास्त असते. तेवढे सदोष तुकडे हाताशी नसले, तर चांगलेही तुकडे दोन कोअर बंद करून त्याच भावात जातात. म्हणजे बंद कोअरांपैकी काही खरोखर आजारी, काही थोडे अशक्त, तर काही धडधाकट. बाहेरून पाहून कोणता कोणता हे कळण्याची सोय नाही.

मदरबोर्डवरील एसबी७५० व एसबी७१० या चिपांत ॲडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन नावाची एक सोय होती. प्रोसेसर जास्त वेगाने पळविणाऱ्या हौशी लोकांसाठी ती दिलेली होती. २००९ च्या आरंभी लोकांच्या लक्षात आले की बायोसमध्ये ही सोय 'ऑटो'वर ठेवली की बंद कोअर जागे होतात. पुढे मदरबोर्ड बनविणाऱ्या कंपन्यांनी त्यासाठी निराळी बटणेच दिली. असूसने त्याला 'कोअर अनलॉकर' असे नावही दिले. फुकट मिळालेले दोन कोअर कोणाला नको असतात? नंतरच्या प्रोसेसरांत ही वाट सहसा राहिली नाही. तथापि त्या काळातील कितीतरी यंत्रे हातोहात विकली गेली, आणि 'हे कोअर मागाहून उघडलेले आहेत' ही माहिती बरोबर गेली नाही.

आता त्या मुलाचे निरीक्षण पुन्हा पाहा. बायोसमधली सेटिंग मदरबोर्डवरच्या छोट्या बॅटरीवर टिकून असते. घर बंद, वीज बंद, बॅटरी म्हातारी. सेटिंग पुसली गेली, तारीख मागे गेली, आणि प्रोसेसर मूळच्या दोन कोअरवर आला. म्हणून तो मंद झाला आणि म्हणूनच तो पडेना. बॅटरी बदलून सेटिंग 'पूर्ववत' केल्यावर शंकास्पद कोअर पुन्हा कामावर आले. व्हायरसला बॅटरीशी काय देणेघेणे?

मी सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम चालवून पाहिला. प्रोसेसरचे नाव 'फेनॉम टू एक्सफोर बी५०' असे दिसले. एक्सटू ५५० चे चारही कोअर उघडले की हेच नाव दिसते. खात्रीसाठी पंखा काढून धातूचे झाकण पुसले. झाकणावरील लांबलचक क्रमांकात 'के' या अक्षरानंतरचा आकडा कोअरची मूळ संख्या सांगतो. ५५० वर तो २ असतो, ७२० वर ३. येथे २ होता. (पंखा काढण्याचे काम मुलांनी एकट्याने करू नये. लेप वाळलेला असला की प्रोसेसर पंख्याला चिकटून खाचेतून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. संगणक काही वेळ चालवून लेप मऊ होऊ द्यावा, मग वीज काढून हलक्या हाताने पंखा फिरवून सोडवावा.)

अब्बांना मी प्रथम एवढेच सांगितले की मुलाचा यात संबंध नाही. नंतर दोन रविवार आम्ही तिघे त्या यंत्रापाशी बसलो. आरंभी घरच्या सर्व फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. मग एक वही केली. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहिल्याशिवाय पुढचा नाही, असा नियम ठरविला. दुरुस्तीवाले पुष्कळदा रॅम, बॅटरी, विंडोज सगळे एकदम बदलतात. त्यात दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही.

पहिले पाऊल मागे टाकायचे असते. कोअर उघडण्याची सोय बंद, वेग मूळचा ३.१ गिगाहर्ट्झ, दोनच कोअर. या स्थितीतही यंत्र पडत असेल तर बिचाऱ्या कोअरांना बोल लावू नये. रॅम, एसएमपीएस, धूळ भरलेला पंखा यांच्याकडे पाहावे. आम्ही मेमटेस्ट रात्रभर चालविला, रॅम निर्दोष. त्यानंतर प्राइम९५. मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी हा प्रोग्राम तयार झाला. याची कसोटी अशी की उत्तर अगोदर ठाऊक असलेली गणिते तो प्रोसेसरकडून तासन्‌तास करून घेतो आणि उत्तर चुकले की तेथेच थांबतो. 'स्मॉल एफएफटी' हा प्रकार निवडला म्हणजे मुख्य भार प्रोसेसरवर पडतो, रॅमवर फारसा नाही. दोन कोअरवर तो बारा तास चालला, एक चूक नाही. पाया पक्का आहे हे सिद्ध झाले.

मग चारही कोअर उघडले, वेग तोच ठेवला. प्राइम९५ प्रत्येक कोअरसाठी स्वतंत्र 'वर्कर' चालवितो. सहाव्या मिनिटाला चौथा वर्कर गणित चुकून थांबला, उरलेले तीन चालूच राहिले. पुन्हा केले, पुन्हा चौथाच. तिसऱ्यांदा तर पडदा निळा झाला, 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' असा मजकूर आला. एखादा कोअर ठराविक वेळेत हाकेला ओ देत नाही, असा त्याचा अर्थ. नव्याने उघडलेले कोअर तिसरे-चौथेच असतात असे मात्र गृहीत धरू नका. तुकड्यावरचे कोणतेही दोन बंद असू शकतात. आजारी कोण हे चाचणीनेच ठरवायचे.

येथे एक धोका सांगतो. कोअर उघडल्यावर प्रोसेसरच्या आतील तापमान दाखविणारी व्यवस्था बहुधा बिघडते. ती शून्य तरी दाखविते, नाही तर काहीतरी अशक्य आकडा. तो पाहून 'प्रोसेसर थंड आहे' असे समाधान मानणे घातक होय. मदरबोर्डवरचा वेगळा मापक पाहावा आणि साठ अंशांच्या पुढे गेल्यास चाचणी थांबवावी. एक्सटू ५५० हा ८० वॉट उष्णतेच्या हिशेबाने बनविलेला, त्याचा पंखाही तेवढ्याचाच. याच जातीचा चार कोअरचा ९५५ हा १२५ वॉटचा. दोन कोअर वाढले तर वाढीव वीज एसएमपीएसने व मदरबोर्डने पुरविली पाहिजे, आणि स्वस्त मदरबोर्ड कित्येकदा ९५ वॉटपुरतेच असतात. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा! जानेवारीत उत्तीर्ण झालेला कोअर मे महिन्यात नापास होऊ शकतो.

चौथ्या कोअरला आम्ही एक संधी दिली. व्होल्टेज १.३२५ वरून १.३५० केले. तो चाळीस मिनिटे टिकला, मग चुकला. १.३७५ ला पाऊण तास. उपाय लागू पडत असता तर टिकण्याचा वेळ मिनिटांवरून रात्रभरावर गेला असता. पाच-दहा मिनिटांची भर म्हणजे कोअर बरा झाला असे नव्हे. १.४ च्या पलीकडे तर जुन्या यंत्रात जाऊच नये असे माझे मत आहे. आम्ही व्होल्टेज मूळ जागी आणले आणि बायोसमधून चौथा कोअर बंद केला. मुलगा हिरमुसला. "सर, चाळीस मिनिटे तर चालतो ना?" त्याचे म्हणणे असे की रोजच्या वापरात एवढा भार पडतोच कुठे.

त्याला मी बहिणीच्या झिप फाइलची आठवण दिली. संगणक बंद पडला तर निदान दिसते तरी. परंतु चुकलेले गणित गुपचूप फाइलीत लिहिले गेले तर ते महिन्यांनी कळते, तेही दुसऱ्याच्या दारात. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये असेच घडले होते. काही ठराविक संख्यांचा भागाकार दूरच्या दशांशस्थळी चुके. थॉमस नाइसली या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकांना स्वतःच्या आकडेमोडीत तो आढळला. चूक क्वचित घडणारी आहे असे कंपनी प्रथम म्हणाली. शेवटी त्याच डिसेंबरात, मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे तिने जाहीर केले आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसला. क्वचित चुकणारा हिशेबनीस कोणता दुकानदार ठेवील?

तीन कोअरवर चाचणी रात्रभर निर्विघ्न झाली. तरी एक खोड उरली. काम करताना यंत्र ठीक चाले, पण रिकामे बसले की थिजे. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. 'कूल अँड क्वाएट' नावाची सोय काम नसताना प्रोसेसरचा वेग ८०० मेगाहर्ट्झवर आणते आणि व्होल्टेजही उतरविते. धडधाकट कोअर ते सहन करतात, काठावरचा कोअर तेवढ्या उपाशीपोटी तग धरत नाही. ती सोय बंद केल्यावर थिजणे थांबले. विजेचे बिल किंचित वाढेल, हे अब्बांना आधीच सांगितले.

कोअर उघडताच ज्यांचे यंत्र सुरूच होत नाही, त्यांनी घाबरू नये. वीज काढून मदरबोर्डवरील सीमॉसचा जंपर बदलावा किंवा बॅटरी काही वेळ काढून ठेवावी, म्हणजे मूळ स्थिती येते.

विक्रेत्याचे काय झाले, असे काही पालक विचारतील. कोअर उघडणे हा गुन्हा नव्हे. स्वतःच्या वस्तूवर स्वतःच्या जोखमीने कोणीही प्रयोग करावा. परंतु दोनचा माल चारचा म्हणून विकणे यास दुसरे नाव आहे. अब्बा वही घेऊन गेले. झाकणावरचा आकडा आणि सहा मिनिटांची नोंद पाहून विक्रेत्याने वाद न घालता किमतीतला फरक परत केला. कुलूप निघाले. कॅबिनेटच्या आतल्या बाजूस मुलाने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटविली: मूळ दोन कोअर, उघडून तीन, चौथा सदोष, बॅटरी बदलल्यास या सेटिंग पुन्हा कराव्यात. पुढे दहावी झाल्यावर त्याने तो संगणक विकला, तेव्हा चिठ्ठी तशीच ठेवली आणि घेणाऱ्याला प्रथम तीच वाचायला दिली.

ज्यांच्या घरी अशी तक्रार असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. कॅबिनेट तेवढे आणावे, मॉनिटर नको. येताना यंत्र केव्हा, काय करीत असताना पडते आणि केव्हा पडत नाही, हे मुलाकडून कागदावर लिहून आणावे.