एकादशीच्या रात्रीचा सामना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा मसालेदुधाच्या पातेल्याजवळ असते आणि तीच मला बरी वाटते. पण यंदा चिटणीसबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात नेमके माझे नाव निघाले. विषय दिला, 'न विसरता येणारा दिवस'. घरी येऊन मी चार दिवस विचार केला. लग्नाचा दिवस, बाळंतपणाचे दिवस, हे सगळ्यांचेच असतात. म्हणून मी 2 नोव्हेंबर 2025 या दिवसाविषयी बोलणार आहे. त्या रात्री आपल्या मुलींनी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि मी तो सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत बसून पाहिला.

'बसून पाहिला' हे मी मुद्दाम म्हणते. क्रिकेट माझ्या घरात काही नवे नाही. माहेरी वडील आणि भाऊ पाहायचे, सासरी हे आणि आमचा धाकटा पाहतात. पण मी आजवर क्रिकेट पाहिले ते कानांनी. ओट्याशी उभी राहून बाहेरच्या खोलीतल्या आवाजावरून ओळखायचे. टाळ्या आणि शिट्ट्या झाल्या की आपला चौकार, 'अरेरे' झाले की आपला गडी बाद, आणि एकदम सामसूम झाली की चहा पाठवायची वेळ. 2011 साली पुरुषांचा अंतिम सामना होता तेव्हा ह्यांचे आठ मित्र आमच्याकडे जमले होते. मी बटाटेवडे तळत होते. धोनीने शेवटचा षटकार मारला तेव्हा माझ्या हातात झारा होता. तो षटकार मी दुसऱ्या दिवशी बातम्यांत पाहिला. याची मला तेव्हा खंत वाटली नाही. वडे चांगले झाले होते.

तर त्या रविवारी कार्तिकी एकादशी होती. घरात सगळ्यांचा उपास. सकाळीच साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी करून ठेवली, म्हणून संध्याकाळी चूल मोकळी. हा पांडुरंगाचाच योग म्हणायचा. सामना तीन वाजता सुरू व्हायचा, पण तिकडे पाऊस लागला होता. टीव्हीवर नुसते झाकलेले मैदान दिसत होते. पाच वाजता एकदाचा खेळ सुरू झाला. तोपर्यंत शेजारच्या दोघी, समोरच्या वहिनी आणि त्यांची मुलगी येऊन बसल्या. धाकट्याने रिमोट माझ्याजवळ दिला. आमच्या घरात हेसुद्धा पहिल्यांदाच घडले.

दक्षिण आफ्रिकेने नाणेफेक जिंकून आपल्याला फलंदाजी दिली. स्मृती मानधना आणि शेफाली वर्मा खेळायला आल्या. आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, त्यांनी विचारले, "यातली आपली कुठली?" मी म्हटले, "दोन्ही आपल्याच." "तसं नव्हे गं, आपली." मग सांगितले, ती डावखुरी, सांगलीच्या माधवनगरची. त्याबरोबर सासूबाई चष्मा पुसून सरसावून बसल्या. दोघींनी 104 धावांची भागी केली. स्मृती 45 वर बाद झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "असू दे, दमली असेल पोर."

शेफालीने 87 केल्या. ती तर मूळ संघात नव्हतीच. प्रतीका रावल नावाच्या मुलीचा पाय आधीच्या सामन्यात दुखावला, म्हणून ऐनवेळी तिला बोलावले. ती हरियाणाची, रोहतकची. लहानपणी तिकडे मुलींना कोणी खेळायला घेईना, तेव्हा वडिलांनी तिचे केस कापून तिला मुलासारखे केले आणि मुलांत खेळायला धाडले. हे माझ्या थोरलीने सांगितले. ती माझ्या मागे, भिंतीला टेकून बसली होती. एवढे सांगून ती गप्प झाली. मीही मागे वळून पाहिले नाही. का, ते पुढे सांगते.

दीप्ती शर्माने 58, रिचा घोषने शेवटी झटपट 34, असे करत आपल्या 298 झाल्या. आपल्या घरच्या पुरुषमंडळींचे लगेच सुरू झाले, अजून वीस-पंचवीस हव्या होत्या. एक सांगते, या मुली साखळीत ओळीने तीन सामने हरल्या होत्या. तेव्हा हीच मंडळी म्हणत होती की संपले आता. मग 30 ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाने 338 केल्या आणि आपल्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 करून तो सामना काढून दिला. जिंकल्यावर ती लहान मुलीसारखी रडत होती. त्याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळले होते. त्यानंतर तरी बोलणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे की नाही?

दक्षिण आफ्रिकेची कप्तान लॉरा वोल्वार्ट. शांत, नीटस खेळणारी, मला आवडली. तिने 101 केल्या. ती आहे तोवर आमच्या कोणाच्या घशाखाली पाणी उतरेना. हरमनप्रीतने मध्येच शेफालीच्या हातात चेंडू दिला, आणि जी एरवी फारशी गोलंदाजी करत नाही तिने दोन बळी घेतले. मग वोल्वार्टने दीप्तीला उंच फटका मारला. खाली अमनजोत कौर धावत आली. चेंडू हातात आला, निसटला, पुन्हा आला, पुन्हा निसटला, आणि पडता पडता तिसऱ्या वेळी तिने धरला. समोरच्या वहिनींनी माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

शेवटचा झेल कप्तान हरमनप्रीतने मागे धावत जाऊन घेतला. आफ्रिका सर्व बाद 246, आपण 52 धावांनी जिंकलो. दीप्तीने पाच बळी घेतले. घड्याळात बारा वाजून गेले होते. सासूबाई म्हणाल्या, "द्वादशी लागली, आता पेढा खायला हरकत नाही," आणि देवघरातला प्रसादाचा पेढा सगळ्यांत वाटला.

मग त्या पायाला दुखापत झालेल्या प्रतीकाला चाकांच्या खुर्चीवरून मैदानात आणले. मिताली राज, झुलन गोस्वामी, अंजुम चोप्रा या जुन्या खेळाडूंच्या हातात चषक दिला. 2005 आणि 2017 साली आपण अंतिम सामन्यात हरलो होतो. 2017 ला तर अवघ्या 9 धावांनी. मिताली आणि झुलन त्या दोन्ही वेळी खेळल्या होत्या. त्यांनी चषक हातात घेतला तेव्हा मला रडू आले. थोरलीने नंतर सांगितले की मुलींचा पहिला विश्वचषक 1973 साली विलायतेत झाला, पुरुषांच्या दोन वर्षे आधी. त्याच साली आपल्या पुण्यात मुलींची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली, तर संघ आले तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या तीन संघांतल्या मुलींना घरून कोणी सोडले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता थोरलीचे सांगते. सांगू की नको, असे मला झाले होते, पण आपण सगळ्या घरच्याच आहात.

ती आठवीत असताना शाळेतल्या खेळाच्या बाई आमच्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, हिचा हात फार चांगला आहे, चेंडू सरळ टाकते, तालुक्याला सरावाला पाठवा. आठवड्यातून तीन दिवस, परत यायला साडेसात वाजतील. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. खरे सांगते, हे 'हो' म्हणाले असते. नको म्हटले ते मी. अंधार पडतो, एस.टी.ला गर्दी असते, उन्हाने पोर रापेल, उद्या स्थळे पाहताना कोण काय म्हणेल, अशी सगळी कारणे मीच दिली. बाई चहा घेऊन निघून गेल्या. थोरलीने त्या दिवशी आदळआपट केली नाही. आपली बॅट तिने धाकट्याला देऊन टाकली.

आणि हे मी केले, जिला स्वतःला सातवीनंतर खो-खो सोडावा लागला. आमच्या गावात हायस्कूल नव्हते, बाहेरगावी पाठवायचे नाही म्हणून शाळाच सुटली, तिथे खो-खो कुठला राहतो? मी पाठीवर चांगली खो द्यायची. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 ने हरवले आणि कप्तान होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. ते मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कळले. त्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू होते.

त्या रात्री सगळ्या घरी गेल्यावर मी अंथरुणे घालत होते. थोरलीला म्हटले, "तेव्हा मी चुकले गं." ती आता एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते. मला वाटले ती म्हणेल, जाऊ दे आई. ती तसे म्हणाली नाही. म्हणाली, "हो, चुकलीस." आणि चादरीचे दुसरे टोक धरून तिने माझ्याबरोबर अंथरूण घातले. आठ दिवसांनी संध्याकाळी गच्चीवरून ठक्‌ ठक्‌ आवाज येऊ लागला म्हणून मी वर गेले, तर समोरच्या वहिनींच्या मुलीला ती चेंडू कसा धरायचा ते शिकवत होती. आता तिथे पाच मुली येतात. खालच्या भाडेकरूंची तक्रार आहे, आणि ती रास्तही आहे. त्यांच्या डोक्यावर दणादण आवाज होतो.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. सभागृहामागची आपली मोकळी जागा, जिथे वर्षातून एकदा आपण संगीतखुर्ची आणि लिंबू-चमचा घेतो, ती मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा मुलींना खेळायला द्यावी. काचा फुटल्या तर भरून द्यायची जबाबदारी माझी. कुंपणाच्या कडेला दगड फार आहेत, ते आम्ही पाचजणींच्या आया मिळून येत्या रविवारी उचलणार आहोत. फाटकाची किल्ली कोषाध्यक्षबाईंकडे असते, ती शनिवारी मिळाली तर बरे होईल.