काकडी, खीरा आणि तवसे



आपण जमलो आहोत त्या तिलवारा घाटाजवळच १९३९ साली त्रिपुरी काँग्रेस भरली आणि १९४८ साली गांधीजींच्या अस्थी येथे विसर्जित झाल्या. अशा स्थळी काकडीवर बोलणे काहींस थट्टेचे वाटेल. परंतु घरातील मराठीचा प्रश्न रोज भाजीच्या पिशवीतूनच आत येतो, असे आम्हांस वाटते.

पूर ओसरला की नर्मदेच्या वाळूत खड्डे घेऊन, त्यांत खत भरून बी लावतात. मुळे खालची ओल शोधतात आणि उन्हाळ्यात लांब, सडपातळ ‘ककडी’ बाजारात येते. मराठी माणूस तिलाच काकडी समजतो. वस्तुतः ती खरबुजाच्या जातीची. तिच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या. आपली काकडी हिमालयाच्या पायथ्याकडची. तिच्या जोड्या ७. तिला येथे ‘खीरा’ म्हणूनच मागावे लागते. मग मुले घरीही ‘खिऱ्याची कोशिंबीर’ म्हणाली, तर त्यांना बोल का लावावा? काकडीच्या चोरीला फाशीची शिक्षा नको!

शब्दाचे घराणे मोठे आहे. संस्कृत कर्कटीची काकडी झाली, त्रपुसाचे कोकणात तवसे झाले. मृत्युंजय मंत्रातील उर्वारुक म्हणजे काकडी, असे आपण सांगत आलो. पण कोशिंबिरीची काकडी कोवळीच तोडावी लागते. पिकून देठापासून आपसूक सुटते ते खरबुजासारखे फळ. आमचे मत त्या बाजूस झुकते.

बाजाराने नाम नेले, तरी क्रियापद स्वयंपाकघरात राहिले आहे. खमंग काकडीसाठी काकडी किसत नाहीत, चोचवतात. मग दाण्याचे कूट, मिरची, लिंबू, वर तुपाची जिरे घातलेली फोडणी. मीठ अगदी पानात वाढण्यापूर्वी, नाहीतर पाणी सुटते. येथे जन्मलेल्या मुलीही ‘चोचवणे’ म्हणतात, कारण ते काम त्यांनी आईजवळ बसून पाहिले आहे. ‘तवसे’ची गत मात्र नाजूक आहे. तांदळाचा रवा, गूळ, खोबरे आणि जून तवशाचा कीस यांची तवसोळी ज्या घरांत होते, तेथेच तो शब्द कानी पडतो. आणि अशी घरे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तवसोळी जाणणाऱ्या वडीलधाऱ्या भगिनींनी ती सुनांना आणि नातींना शेजारी बसवून करून दाखवावी, एवढीच आमची विनंती. ऋषिपंचमीच्या सुमारास नदीची वाळू पाण्याखाली असते, पण परसातल्या मांडवावर काकड्या लोंबत असतात. त्यांतली एखादी वेलीवरच जून होऊ द्यावी.