दाराचें माप आणि कुलुपाची निवड

पाचोरें हें मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील गांव. मुंबईहून माल येण्यास अडचण नाहीं. परंतु दाराचें माप घरींच घ्यावें लागतें. तें न घेतां मागविलेलें कुलूप बसत नाहीं, आणि परत धाडून दुसरें येईपर्यंत घर नुसत्या कडीवर राहतें.

वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईंत कुलुपें बनविण्यास प्रारंभ केला. लिव्हरच्या कुलुपांत किल्लीनें उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर आली तरच जीभ सरकते. म्हणून पट्ट्या अधिक, तितकी खोटी किल्ली चालणें अवघड.

परंतु चोर पुष्कळदां कुलुपास हातच लावीत नाहीं. पहारीनें कोयंडाच उचकटतो. यास्तव कोयंडा आखूड स्क्रूंवर न ठेवतां आरपार बोल्टांनीं आंतून आवळावा.

मागणीपत्रांत दाराची जाडी, कडेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचें अंतर, दार आंत उघडतें कीं बाहेर, आणि बिजागऱ्या डावीकडे कीं उजवीकडे, हें स्पष्ट लिहावें. खानदेशच्या उन्हाळ्यांत लांकूड आकसतें, पावसाळ्यांत फुगतें; तेव्हां चौकटींतील खोबणीस किंचित् मोकळीक असावी.

एक गोष्ट मात्र कधींही विसरूं नये. रात्रीं आग लागल्यास घरांतील मुलाबाळांना व वृद्धांना किल्ली न शोधतां बाहेर पडतां आलें पाहिजे. आंतून सहज उघडेल असेंच कुलूप निवडावें.