पत्त्यांचा डाव आणि घरची मिळकत



पत्ते खेळणारा प्रत्येकजण वाया गेलेला, असे आम्ही म्हणणार नाही. पोकर काय, रमी काय, पाने येतात दैवाने. ती धरावी की टाकावी, हे बुद्धीचे काम. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविले. पण क्लब पैशाच्या खेळावर नफा काढीत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो, असेही त्याच निकालात सांगितले. हे दुसरे वाक्य आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

समजा, 10 जणांनी प्रत्येकी 100 रुपये भरून स्पर्धा मांडली आणि क्लबाने 100 कापले. बक्षिसाला उरले 900. दहाहीजण कितीही हुशार असोत, सर्वांचे मिळून 100 रुपये गेलेच! हुशारी पैसा एका खिशातून दुसऱ्यात नेते, वाढवीत नाही.

येथे कुंभारीत विडी कामगार भगिनींची 10,000 घरांची वसाहत 2006 साली उभी राहिली. विडीची मजुरी हजारावर मिळते. डावावर पडणारी नोट कोणाच्या तरी सुपातून आलेली असते. खेळा अवश्य, पण चिंचोके लावून खेळा. बुद्धीची कसोटी त्यांवरही तेवढीच लागते.