तार नेमकी कुणी केली? व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटचा दीडशे वर्षं जुना प्रश्न

(एपिसोड ऐकायला सवड नसेल त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

भाडेकराराच्या एपिसोडनंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. घरमालकाने व्हॉट्सॲपवर लिहिलंय, "डिपॉझिट १ तारखेला परत देतो." आता तो म्हणतो, मी असं काही लिहिलंच नाही. स्क्रीनशॉट आहे. कोर्टात चालेल का?

याचं उत्तर देतो, पण वाट जरा लांबची आहे. ती १८७२ सालातून जाते, कारण हाच प्रश्न तेव्हा कोर्टासमोर आला होता. फक्त मोबाइलच्या जागी तार होती.

तार म्हणजे टेलिग्राम. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो हातात धरला नसेल. आपल्याकडे ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आजीला विचाराल तर ती सांगेल, "तार आली" म्हटलं की घरात आधी रडायला सुरुवात व्हायची, मग कुणीतरी वाचता येणारा माणूस शोधायचा. पण कोर्टाच्या दृष्टीने तारेची गंमत वेगळीच आहे.

पत्राचा विचार करा. मी कागदावर लिहितो, सही करतो, पेटीत टाकतो. तुमच्या हातात पडतो तो तोच कागद. माझं अक्षर, माझी सही, सगळं त्याच्यावर. मी नाही म्हणालो तर तुम्ही तो कागद न्यायाधीशांपुढे ठेवायचा.

तारेत तसं नाही. मी तारघरात जातो, फॉर्म भरतो, पैसे देतो. तारबाबू तो मजकूर कडकट्ट कडकट्ट करत पुढे पाठवतो. पलीकडचा बाबू तो ऐकून स्वतःच्या हाताने उतरवून घेतो आणि शिपाई तो कागद तुमच्या घरी आणतो. म्हणजे तुमच्या हातातल्या कागदावर माझं काहीच नाही. अक्षर दुसऱ्याचं, कागद सरकारचा, आणि खाली नाव माझं. तेही मी फॉर्मवर लिहिलं म्हणून आलेलं. उद्या माझं नाव लिहून दुसऱ्या कुणी तार केली, तर तुमच्या हातातला कागद अगदी तसाच दिसेल.

फेक अकाउंटचा प्रॉब्लेम हाच तर आहे.

आता १८७२. इंग्रज सरकारने हिंदुस्थानसाठी पुराव्याचा कायदा केला, इंडियन एव्हिडन्स ॲक्ट. १ सप्टेंबर १८७२ पासून लागू. लिहिणारा माणूस जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, व्हाइसरॉयच्या कौन्सिलातला कायदा सदस्य. (लेखिका व्हर्जिनिया वुल्फचा हा सख्खा काका, पुलावर टाका म्हणून सांगून ठेवतो.) तोवर आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी तारसेवा सुरू होऊन १७ वर्षं झाली होती. व्यापारी, सरकार, रेल्वे, सगळे तारेवर चालत होते. त्यामुळे स्टीफनला तारेबद्दल काहीतरी लिहिणं भागच होतं. त्याने लिहिलं कलम ८८.

एकच वाक्य आहे, पण त्याचे दोन तुकडे आहेत. पहिला तुकडा म्हणतो: तारघराने पत्त्यावरच्या माणसाला जो मजकूर पोचवला, तो पाठवणाऱ्या तारघरात दिलेल्या मजकुराशी जुळतो असं कोर्ट गृहीत धरू शकतं. म्हणजे यंत्रणेवर भरवसा. प्रत्येक खटल्यात दोन्हीकडच्या तारबाबूंना साक्षीला बोलवायची गरज नाही.

दुसरा तुकडा म्हणतो: पण तो मजकूर तारघरात कुणी आणून दिला, याबद्दल कोर्टाने काहीही गृहीत धरू नये.

पहिल्या तुकड्यात "शकतं" आहे, दुसऱ्यात "धरू नये". कायद्यात या दोन शब्दांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्या बाबतीत न्यायाधीशाला मोकळीक आहे. वाटलं तर मानेल, नाही तर म्हणेल पुरावा आणा. दुसऱ्या बाबतीत त्याचे हात बांधलेले. यंत्रावर विश्वास ठेवायची मुभा, पण यंत्रामागच्या माणसाची ओळख स्वतंत्रपणे सिद्ध करायची. माझ्या मते त्या अख्ख्या कायद्यातल्या सगळ्यात शहाण्या वाक्यांपैकी हे एक आहे.

हे प्रत्यक्षात कसं चालायचं, ते बघू. समजा १८९० साल आहे. अमरावतीचा एक कापूस व्यापारी, मुंबईत त्याचा अडत्या. अडत्याला तार आली: "शंभर गाठी घ्या." त्याने घेतल्या. आठ दिवसांत भाव पडला. व्यापारी म्हणतो, कसली तार? मी केलीच नाही. अडत्या कोर्टात गेला, हातात तारेचा कागद.

नुसत्या त्या कागदावर अडत्या जिंकत नाही. कलम ८८ त्याला एवढंच देतं की अमरावतीच्या तारघरात कुणीतरी "शंभर गाठी घ्या" असा फॉर्म दिला होता. तो कुणीतरी म्हणजे आपला व्यापारीच, हे अडत्याला सिद्ध करायचंय.

मग त्याचा वकील काय करेल? कोर्टाकडे अर्ज: अमरावतीच्या तारघरातून मूळ फॉर्म मागवा. आणि इथे घाई हवी, कारण तारघर असे फॉर्म जन्मभर सांभाळत नाही, मुदत संपली की नष्ट. फॉर्म आला तर त्यावरचं अक्षर बघायचं. अक्षर ओळखणारा साक्षीदार चालतो, म्हणजे ज्याने त्या माणसाला लिहिताना पाहिलंय किंवा ज्याच्याकडे त्याची पत्रं नेहमी येतात असा. तज्ज्ञ चालतो. कोर्ट स्वतःही दुसऱ्या कबूल अक्षराशी ताडून बघू शकतं.

पण इथे एक अस्सल देशी अडचण आहे. तारा जायच्या रोमन अक्षरांत, बहुतेक इंग्रजीत. व्यापाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर? तो मुनिमाकडून लिहून घेणार, शाळामास्तरकडून, नाही तर तारघराबाहेर बसलेल्या लिहिणाऱ्याकडून. मग फॉर्म सापडला तरी अक्षर तिसऱ्याचंच! आता त्या लिहिणाऱ्याला शोधा, त्याला साक्षीला आणा, आणि त्याने म्हणावं की हो, शेठजींनी सांगितलं म्हणून मी लिहिलं. देवनागरीतून तार करायची सोय स्वातंत्र्यानंतर आली. तोवर देशातल्या बहुसंख्य लोकांचा महत्त्वाचा निरोप दुसऱ्याच्या अक्षरात जायचा.

म्हणून वकील आजूबाजूचा पुरावा गोळा करायचे. ही तार आधीच्या एखाद्या तारेचं उत्तर आहे का? तिच्यात फक्त त्या दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट आहे का? तार झाल्यावर व्यापारी कसा वागला, पैसे पाठवले का, गाठींची चौकशी केली का? शहाणे व्यापारी तर तार केली की पाठोपाठ टपालाने सहीचं पत्र टाकायचे: अमुक तारखेला अमुक तार केली, ती कायम समजावी. तार वेगासाठी, पत्र पुराव्यासाठी.

सांकेतिक शब्दांची भानगड वेगळीच. तारेला शब्दावर पैसे, म्हणून व्यापारी कोड वापरायचे. एका शब्दात अख्खं वाक्य. न्यायाधीशाला ते कसं कळणार? त्यासाठी त्याच कायद्यात कलम ९८ होतं: न समजणारी अक्षरं, संक्षेप, धंद्यातले किंवा स्थानिक शब्द, यांचा अर्थ सांगायला पुरावा देता येतो. तुमच्या ग्रुपवरच्या इमोजीचा अर्थ उद्या कोर्टात सांगायची वेळ आली, तर वाट हीच आहे.

आणि यंत्रणाच चुकली तर? पहिल्या तुकड्यातल्या "शकतं" या शब्दाची गरज इथे कळते. इंग्लंडमधला १८७० चा एक खटला आहे, हेंकेल विरुद्ध पेप. आधी ५० रायफलींची बोलणी झाली होती. मग गिऱ्हाइकाने तार केली, तीन पाठवा. इंग्रजीत तीन म्हणजे "थ्री". तारबाबूने पाठवलं "द". म्हणजे "त्या पाठवा" असा अर्थ झाला. विकणाऱ्याला वाटलं, ज्या ५० बद्दल बोललो त्याच. पाठवल्या ५०! कोर्ट म्हणालं, गिऱ्हाईक तीनच रायफलींना बांधील. तारबाबूला दिलेला निरोप जसाच्या तसा पोचवायचा अधिकार होता, बदलायचा नव्हता. दोन अक्षरं गळली आणि ४७ रायफली अंगावर आल्या.

आपल्याकडे असं नुकसान झालं तर सरकारकडून भरपाई? विसरा. १८८५ च्या टेलिग्राफ ॲक्टचं कलम ९ सांगतं की तार घेण्यात, पाठवण्यात, पोचवण्यात चूक झाली तर सरकार जबाबदार नाही. यंत्रणा सरकारची, मक्तेदारी सरकारची, आणि चुकीचा भुर्दंड मात्र तुमचा.

त्याच कायद्याचं कलम ५ तर आणखी पुढचं आहे. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेचं कारण असेल तर सरकार निरोप अडवू शकतं, थांबवू शकतं, उघडून बघू शकतं. म्हणजे निरोपाचा तिसरा वाचक पहिल्यापासून होताच. टपालाच्या बाबतीत हे काय रूप घेतं ते १९२९ च्या मीरत कटाच्या खटल्यात दिसलं. श्रीपाद अमृत डांगे, एस. व्ही. घाटे, मिरजकर, जोगळेकर अशी मुंबईच्या कामगार चळवळीतली कितीतरी मंडळी त्यात आरोपी होती, आणि सरकारी पक्षाचा मोठा आधार होता टपालात अडवलेली पत्रं. तिथेही प्रश्न तोच: हे लिहिलं कुणी? अक्षर कुणाचं? कलम ८८ चा दुसरा तुकडा अशा माणसाच्या बाजूने उभा राहतो. तुमच्या नावाने कागद सापडला एवढ्याने तो तुमचा होत नाही. डिपॉझिटपेक्षा कितीतरी मोठं काही पणाला लागलेलं असतं तेव्हा याची किंमत कळते. आणि हो, याच १८८५ च्या कायद्याच्या आधारावर आपल्याकडे पुढे फोन टॅप झाले, आणि २०१७ मध्ये इंटरनेट बंद करायचे नियमही निघाले.

आता उलटी बाजू. तार साधी वाटली तरी पत्राकडे नसलेली एक गोष्ट तिच्याकडे होती. तिच्यावर वेळ असायची, आणि ती वेळ टाकणारा तिसराच माणूस, सरकारी. म्हणून अगदी शेवटपर्यंत लोक पुराव्यासाठी तार करायचे. नातेवाइकाला पोलिसांनी उचललं आणि नोंद केली नाही, की घरचे वरच्या अधिकाऱ्याला तार ठोकायचे. उद्या कागदोपत्री अटक दोन दिवस उशिराची दाखवली, तर सांगता यावं की आम्ही त्याच दिवशी कळवलं होतं. पळून जाऊन लग्न केलेली मुलं-मुली पोलिसांना तार करायची: आम्ही राजीखुशीने आलोय. मोबाइल आल्यावरही ही सवय टिकली, कारण एसएमएसवर तारघराचा शिक्का नव्हता.

एक छोटा फाटा. १९५९ मध्ये खामगावची एक गिरणी आणि अहमदाबादचा एक व्यापारी यांच्यात सरकी पेंडीचा सौदा फोनवर झाला, आणि मोडला. दावा लावायचा कुठे? पत्राने किंवा तारेने होकार दिला तर तो जिथून निघाला तिथे करार होतो, हा जुना नियम. त्या हिशोबाने खामगाव. सुप्रीम कोर्ट बहुमताने म्हणालं, फोनला तो नियम नाही. होकार जिथे ऐकला तिथे करार, म्हणजे अहमदाबाद. यंत्र बदललं की माणसाला कोर्टाच्या तारखेसाठी किती लांब जावं लागतं तेही बदलतं!

आता तुमचा स्क्रीनशॉट.

२००० साली आयटी ॲक्ट आला तेव्हा पुरावा कायद्यात ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मेसेजसाठी कलम ८८-अ घातलं. वाचलंत तर हसू येईल. जवळजवळ स्टीफनचंच वाक्य. मेसेज जसा टाइप केला तसाच पोचला असं कोर्ट मानू शकतं, पण तो कुणी पाठवला याबद्दल काही गृहीत धरू नये. १ जुलै २०२४ पासून जुना कायदा गेला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यातून तारेचं कलम वगळलं, पण ई-मेसेजचं हे वाक्य कलम ९० मध्ये राहिलं. तार मेली, तिचा नियम जिवंत आहे.

म्हणजे घरमालकाच्या बाबतीत तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी सिद्ध करायच्यात. एक, हा मेसेज खरा, फेरफार न केलेला आहे. यासाठी मूळ फोन जपा. चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका. प्रिंट किंवा स्क्रीनशॉट देणार असाल तर त्यासोबत कायद्यातल्या नमुन्याचं प्रमाणपत्र लागतं. आता ते कलम ६३ खाली आहे. हे गंमत म्हणून सांगत नाही. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावरून जालन्याच्या आमदारकीचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, आणि २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की असं प्रमाणपत्र आवश्यकच आहे. समोरचा देत नसेल तर निदान ते मिळवायचे सगळे प्रयत्न केलेले दिसले पाहिजेत.

दोन, मेसेज घरमालकानेच केला. इथे अमरावतीच्या अडत्याची युक्ती वापरा. नंबर त्याच्याच नावावर आहे का? भाडं त्याच नंबरवर यूपीआयने जात होतं का? त्या मेसेजनंतर त्याने थोडे पैसे परत केले का, खोली बघायला माणूस पाठवला का? आणि शक्य असेल तर अजून एक करा: त्याला ई-मेल किंवा रजिस्टर्ड पत्र पाठवा, "तुम्ही अमुक तारखेला व्हॉट्सॲपवर असं असं कळवलं होतं." कापूस व्यापारी तारेपाठोपाठ पत्र टाकायचे, तसंच.

प्रत्येक केस वेगळी असते, तेव्हा रक्कम मोठी असेल तर वकिलाला फोन दाखवा, नुसता स्क्रीनशॉट फॉरवर्ड करू नका. आजीच्या ट्रंकेत एखादी जुनी तार सापडली तर फोटो पाठवा. तिच्यावर कुठून, किती वाजता निघाली ते लिहिलेलं असेल, ते आधी वाचा. भेटू पुढच्या भागात.