संगणक अडला? आधी आपणच बघू!
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



घरातला पंखा बंद पडला तर आपण काय करतो? बटण बघतो, प्लग हलवून बघतो, शेजारी वीज आहे का ते विचारतो. इलेक्ट्रिशियनला फोन करतो तो सगळ्यात शेवटी. पण संगणक बंद पडला, की हीच शहाणी माणसं एकदम हात जोडतात. सीपीयूचा डबा गोणीत घालायचा, दुचाकीवर मांडीत धरायचा आणि थेट दुकान गाठायचं. दुकानात पहिला प्रश्न असतो, "कॉम्प्युटर मेला का जी?"

वर्ध्यात मी गेली अनेक वर्षं संगणक शिकवतो आणि दुरुस्तही करतो. अनुभवाने सांगतो, मेलेले संगणक फार कमी येतात. बहुतेक नुसते अडलेले असतात. आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे. शिवाय एक पैसाही न मोजता, कायद्याने आणि उजळ माथ्याने वापरता येणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरबद्दलही.

हा विषय आज काढायला कारण आहे. विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती एक वर्षाची वाढीव मुदत घरगुती ग्राहकांना दिली गेली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पुढची विंडोज ११ ही प्रणाली साधारण २०१८ च्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढून घेतलेला, उत्तम चालणारा संगणक एका तारखेने जुना ठरला! "आता नवीनच घ्या" असं लोकांना सांगितलं जातं. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी हे वाक्य किती महाग पडतं, ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

आधी साध्या गोष्टी

संगणक सुरूच होत नसेल तर भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का बघा. एक्स्टेन्शन बोर्ड काढून संगणक थेट भिंतीच्या प्लगला लावून बघा. यूपीएसची बॅटरी गेली असेल तर यूपीएस बाजूला ठेवून बघा. सीपीयूचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच आहे? मग मॉनिटरची केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. लॅपटॉप असेल तर अ‍ॅडॉप्टर काढा, सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, अ‍ॅडॉप्टर लावा आणि पुन्हा प्रयत्न करा. पुष्कळ लॅपटॉप एवढ्यावर जागे होतात.

सुरू करताच संगणक पुन्हा पुन्हा 'पीं पीं' आवाज करत असेल, तर बऱ्याचदा आतली रॅमची पट्टी सैल झालेली किंवा तिच्यावर मळ बसलेला असतो. आधी वीजपुरवठा पूर्ण काढा. एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. मग पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर मुलांचं स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि 'टक' असा आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवा. मात्र जाड डब्यासारखा जो वीजपुरवठ्याचा भाग असतो, तो कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धक्का बसेल इतकी वीज शिल्लक असू शकते.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. वर्ध्याचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंश. त्यात धूळ आणि हिंगणघाट-पुलगावकडे जिनिंगच्या हंगामात उडणारी कापसाची तूस. ही तूस प्रोसेसरवरच्या पंख्याखाली गादीसारखी बसते. संगणक दहा-पंधरा मिनिटं चालून आपोआप बंद पडतो, थोडा थंड झाला की पुन्हा चालतो. लोक म्हणतात व्हायरस आला! व्हायरस नाही, बिचाऱ्याला उष्मा झालाय. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, डबा उघडून मऊ ब्रशने साफ करा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ओलं फडकं लावायचं नाही. आणि कूलरची ओली हवा थेट संगणकावर सोडू नका. माणसाला बरी वाटते ती हवा यंत्राला बरी नाही. मृगाच्या सरींबरोबर विजा कडाडायला लागल्या, की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि इंटरनेटची तारही काढा.

चौथी तक्रार गमतीची. संगणकाचं घड्याळ रोज काही वर्षं मागे जातं आणि एकही वेबसाइट धड उघडत नाही, "सुरक्षित नाही" असा इशारा येतो. लोक इंटरनेटवाल्याशी भांडतात. दोष असतो मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या चपट्या सेलचा. 'सीआर २०३२' असं सांगितलं की तो दुकानात मिळतो, आणि अगदी स्वस्त असतो. तारीख चुकली की वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाला खोटं वाटतं, एवढंच. सेल बदला, तारीख नीट करा, काम झालं.

पाचवं, पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला आणि घरी येऊन बघतो तर सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट! घाबरून तो फॉरमॅट करू नका आणि त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नका. तुमच्या फायली बहुतेक वेळा तिथेच असतात, व्हायरसने फक्त लपवलेल्या असतात. लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडला की त्या दिसतात. त्या दुसरीकडे उतरवून घ्या आणि मगच पेन ड्राइव्ह साफ करा. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून सुरू आहे. तिथे व्हायरस काढण्याची साधनं मोफत मिळतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं. अचानक पडदाभर लाल इशारा येतो, भोंगा वाजतो, "तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा." श्रोतेहो, कोणतीही खरी कंपनी असा नंबर दाखवत नाही. हा दरोडा आहे, फक्त दार तोडण्याऐवजी तुमच्याकडून उघडून घेतात. फोन करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर बटण दाबून संगणकच बंद करा. कुणाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारं अ‍ॅप घेऊ नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. त्याच क्षणी १९३० हा क्रमांक फिरवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे

आता सॉफ्टवेअरकडे वळू. आपल्याकडे पुष्कळ घरांत प्रणालीही चोरीची आणि ऑफिसचा संचही चोरीचा असतो. 'टाकून दिलंय' असं आपण सहज म्हणतो. कॉपीराइट कायद्याखाली हा गुन्हा आहे हे तर खरंच, पण कुलूप तोडणाऱ्या त्या 'क्रॅक'बरोबर काय काय घरात आलं, हे कुणालाच ठाऊक नसतं. त्याच संगणकावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो!

याला सरळ पर्याय आहे. अमेरिकेतले रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: प्रोग्राम हवा तसा वापरता यावा, आतून कसा चालतो ते बघता यावं, त्यात बदल करता यावा आणि तो शेजाऱ्याला देता यावा. फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये 'लिनक्स'चा गाभा लिहिला. या दोन्हींच्या संगतीतून उभ्या राहिलेल्या प्रणाली आज जगभर चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. केरळने शाळांमधलं संगणकाचं शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. आपल्याच सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स काढली.

सुरुवात मात्र प्रणाली बदलून करू नका. आहे त्या विंडोजवरच मुक्त प्रोग्राम बसवा. पत्रं, हिशेब आणि सादरीकरणासाठी लिब्रेऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स, गाणी-चित्रपटांसाठी व्हीएलसी, फोटोंसाठी गिंप. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्सचे मेनू मराठीतही मिळतात, आणि ते मराठी करण्यात स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे. हे प्रोग्राम त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. महिना-दोन महिन्यांत हात बसला, की लिनक्सकडे वळा.

त्यासाठीही धाडस लागत नाही. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि त्यावरूनच संगणक सुरू करायचा. हार्ड डिस्कला हात न लावता प्रणाली चालवून बघता येते. पडदा, आवाज, वायफाय, प्रिंटर तपासा. पसंत पडलं तरच पुढे जा. तिला किमान दोन जीबी रॅम लागते, चार असली तर उत्तम. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर दहा वर्षांचा संगणकही तरण्याताठ्यासारखा चालतो. मात्र प्रणाली बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून आधी सगळ्या फायलींची नक्कल काढा.

अडचणीही सांगतो. काही हिशेबाचे प्रोग्राम, काही जुने प्रिंटर, डिजिटल सहीची काही यंत्रं लिनक्सवर चालत नाहीत. तुमचा धंदाच त्यावर असेल तर घाई करू नका. पण पत्र लिहिणं, सातबारा बघणं, मुलांचा अभ्यास, बचत गटाचा हिशेब, परदेशातल्या नातवाशी बोलणं यासाठी ती पुरून उरते.

मराठी टंकलेखनाचं तर वेगळं सांगायला हवं. देवळी तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी आपल्या गावाचा इतिहास लिहून काढला होता. बारा वर्षांची मेहनत. संगणक बदलला आणि फाईल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला! गुरुजींना वाटलं, सगळं गेलं. गेलं काहीच नव्हतं. मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होता आणि नव्या संगणकात तो फॉन्ट नव्हता. जुन्या डिस्कवरून फॉन्ट आणला, मजकूर वाचता आला, मग तो युनिकोडमध्ये बदलून घेतला. त्यात रफार आणि जोडाक्षरं इकडेतिकडे झाली, ती गुरुजींनी महिनाभर बसून दुरुस्त केली. आता तो मजकूर कोणत्याही फोनवर उघडतो. तुमच्याही घरी अशा जुन्या फायली असतील, तर संगणक अजून चालतोय तोवरच त्या युनिकोडमध्ये आणा. नवं लिहायचं ते इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहा. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत तो मोफत आहे, आठवडाभरात येतो.

वर्ध्याची जुनी शिकवण

काही जण मला विचारतात, गांधीजींच्या जिल्ह्यात हे संगणकाचं वेड कशाला? मी त्यांना एक जाहिरात सांगतो. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचण्यासारख्या होत्या. यंत्र झोपडीत हाताने किंवा पायाने चालावं. किंमत दीडशे रुपयांपेक्षा जास्त नसावी. मोठ्या दुरुस्तीशिवाय ते वीस वर्षं टिकावं, आणि वर्षाचा देखभालीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. बक्षीस हवं असेल तर शोधकाने पेटंटचा हक्क संघाच्या स्वाधीन करावा. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही, पण यंत्र कुणाच्या ताब्यात असावं, हा प्रश्न त्या अटींनी नेमका विचारला होता. वर्ध्यात मगनवाडीला १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात अजूनही चरखे बघायला मिळतात. मुलांना घेऊन जा. यंत्राला विरोध नव्हता. वापरणाऱ्याला उघडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि सोडताही येत नाही अशा यंत्राला विरोध होता. संगणक घेताना मी हीच कसोटी लावतो.

शेवटी तीन कामं सांगतो, येत्या रविवारी करण्यासारखी. पहिलं, महत्त्वाच्या फायली आणि फोटो यांच्या दोन नकला काढा आणि त्यातली एक घराबाहेर, भावाकडे किंवा मुलीकडे ठेवा. संगणक पुन्हा विकत मिळतो, लग्नातले फोटो मिळत नाहीत. दुसरं, संगणकाजवळ एक वही ठेवा. पडद्यावर जो संदेश येईल तो न वाचता 'ओके' दाबू नका, जसाच्या तसा वहीत उतरवा. दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम त्याने होतं. तिसरं, तुम्हाला जे जमलं ते शेजारच्या घरी शिकवा. मुक्त सॉफ्टवेअर वाटल्याने चोरी होत नाही, आणि ज्ञान तर वाटल्यानेच वाढतं.